शिट्टीच्या नावाची डबी

ता. ६ जून

प्रिय छोट्या,

फोनवर तू "हो हो" म्हणतोस आणि रिसीव्हर ठेवला की विसरतोस, म्हणून कागदावर लिहिते.

आमच्या छातीच्या हॉस्पिटलात नवीन यंत्र आलंय. सव्वीस वर्षं मी दुर्बिणीच्या खोलीत काम करते. नळ्या धुते, डॉक्टरांच्या हातात चिमटे देते, पेशंटचा खांदा धरते. एवढ्या वर्षांत आम्ही जे पाहिलं ते उशिराच पाहिलं. साध्या उजेडात श्वासनळीचं अस्तर गुलाबी दिसतं, आणि कॅन्सर अगदी पहिल्या पायरीवर असला तरी ते गुलाबीच दिसतं. या नव्या दुर्बिणीतून निळा उजेड सोडतात. त्या उजेडात निरोगी अस्तर आपोआप हिरवं चमकतं. रंग फासायला नको, औषध टोचायला नको. जिथे पेशी बिघडायला लागल्यात तिथली चमक मरते आणि हिरव्यात तांबूस-तपकिरी डाग दिसतो. परवा एक पाहिला, तांदळाच्या दाण्याएवढा. माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलेला, छातीचा फोटो साफ. डॉक्टर एवढंच म्हणाले, "सापडलं."

मला आपले आप्पा आठवले. त्यांचाही फोटो साफ होता. अकरा महिन्यांनी ते गेले. बावीस वर्षं कोळशाचा कोक करणाऱ्या भट्टीच्या छतावर काढली होती त्यांनी, आणि आज तू त्याच भट्टीचा फोरमन आहेस.

आम्हाला अशीच माणसं तपासायची आहेत: चाळिशीच्या पुढची, धुरात दहा वर्षं काढलेली. आधी फक्त सकाळी उठल्याबरोबरचा बेडका हवा. त्यात वाईट पेशी दिसल्या तरच दुर्बीण. डब्या पार्सलने पाठवतेय. खरं तर आमच्याकडच्या माणसाने येऊन त्या गोळा करायच्या असतात, पण डॉक्टरांना म्हटलं, माझा भाऊच आहे तिथे.

डब्या तेरा आहेत. तुझी माणसं बारा. हिशेब तुला कळला असेल.

ताई


ता. १५ जून

ताई,

तुझं पत्र भिंतीला लावलं नाही, पण वाचून दाखवलं. सगळे हसले. म्हणाले, साहेबांची बहीण आमचा बेडका मागते, आजवर कोणी एवढं प्रेमाने काही मागितलं नव्हतं.

डब्या पाठवतोय. चिठ्ठ्या लावल्यात, नाव, वय, वर्षं, सिगारेट किती, सगळं. एकाच्या पुढे सिगारेटच्या रकान्यात शून्य दिसेल, ती चूक नाही. त्याला आम्ही शिट्टी म्हणतो. छतावरची झाकणं उघडतो-लावतो आणि दिवसभर शिट्टी वाजवतो. खाली भट्टीचा एवढा घोंगाट, तरी त्याची शिट्टी ऐकू येते. मी त्याला म्हणतो, तुझी छाती कंपनीच्या भोंग्याच्या जागी बसवायला हवी. सिगारेट नाही, दारू नाही. बायको आणि एक लेक, बस. त्याच्या डबीत तुला काय सापडणार आहे?

तेरावी डबी माझी. मी घोड्यासारखा आहे, पण तू ऐकणार नाहीस. घे.

तुझी वहिनी तुला नमस्कार सांगते. मी सिगारेट सोडली का, असं विचारू नकोस.

छोट्या


ता. ८ जुलै

प्रिय छोट्या,

आधी तुझं. तुझी डबी साफ आहे! पेशी चांगल्या, काही म्हणजे काही नाही. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन दाराला कडी लावली आणि रडले. बाहेरून सिस्टर विचारते, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, माझा भाऊ ठीक आहे." तुला सांगत नव्हते, पण गेली तीन वर्षं फोनवर तुझा खोकला ऐकला की मी तो मोजत बसायचे.

अकरा जणांचं काही नाही. शिट्टीचं मात्र चांगलं नाही. त्याच्या बेडक्यात वाईट पेशी आहेत, नक्की आहेत, दोघा डॉक्टरांनी वेगवेगळ्या पाहिल्या. मलाही पटत नव्हतं, सिगारेट न ओढणारा माणूस. पण धूर काय सिगारेटचाच असतो असं नाही.

त्याला घाबरवू नकोस. त्याचा मार्चमधला कंपनीचा फोटो साफ आहे, म्हणजे हे अगदी पातळ, वरच्या वर असणार. असंच शोधायला तर हे यंत्र आणलंय. डाग सापडला की तेवढाच काढता येतो, माणूस वाचतो. आमच्याकडून रीतसर पत्र जाईलच, पण आधी तू सांग. तो तुझ्या शब्दावर विश्वास ठेवेल. लवकर पाठव.

ताई


ता. ३० जुलै

ताई,

उत्तराला उशीर झाला. भट्टीचं एक दार वाकलं होतं, त्यात अडकलो होतो.

शिट्टीला सांगितलं. छतावरून खाली बोलावलं, केबिनमध्ये बसवलं. तो म्हणाला, "साहेब, मला तर काही होत नाही." मी म्हटलं, सुरुवातीला होत नाहीच. तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर जातो." सोमवारी निघेल.

काही विचारायचं होतं, त्याच्यासाठीच. अशा माणसाकडे किती वेळ असतो? सहा महिने थांबलं तर काय होतं? कधीमधी रुमालावर रक्ताची रेघ दिसली तर त्याचा अर्थ काय? आणि डबी चुकू शकते का?

नीट, खरं लिही. मला सोपं करून सांगू नकोस.

छोट्या


ता. २२ ऑगस्ट

प्रिय छोट्या,

शिट्टीला मीच तपासणीच्या खोलीत घेऊन गेले. घशात बधिर करणारा फवारा मारला, डोळ्यांवर पट्टी बांधली, दिवे घालवले. नळी आत गेली की सगळ्यांनाच गुदमरल्यासारखं होतं. त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. पडद्यावर आम्ही श्वासनळीची एकेक फांदी पाहत गेलो. छोट्या, इतकी सुंदर हिरवी छाती मी फार दिवसांत पाहिली नव्हती. डावीकडे वरच्या फांदीत मात्र एक तपकिरी ठिपका होता. तिथला तुकडा काढला. रिपोर्ट आला: नुसती सूज. निळा उजेड असा कधीकधी फसवतो, सूज आलेली जागाही तो तपकिरी दाखवतो.

बेडका पुन्हा तपासला, तो साफ आला. डॉक्टर म्हणाले, पेशी रोज गळत नाहीत, पहिला रिपोर्ट खोटा धरता येत नाही. कुठेतरी आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. आजार अस्तरातच असेल तर वर्षं हातात असतात. एकदा का तो खाली उतरला की महिने मोजावे लागतात. रक्ताची रेघ दिसली तर एक दिवसही थांबू नये. तसं शिट्टीला होतंय का? त्याने मला नाही म्हणून सांगितलं. आणि डबी चुकत नाही. चिठ्ठी असते ना तिच्यावर.

दुसऱ्याच्या माणसासाठी तू एवढा जीव टाकतोस, हे पाहून मला आप्पांची आठवण झाली.

ताई


ता. १० सप्टेंबर

ताई,

शिट्टीला पुन्हा बोलावू नकोस. हात जोडून सांगतो.

कंपनीला हॉस्पिटलचं पत्र गेलं आणि त्याला छतावरून उतरवलं. आता तो गेटजवळच्या शेडमध्ये रिकामा बसतो. शिट्टी बंद. परवा त्याने त्याचे जाड तळाचे बूट दुसऱ्याला देऊन टाकले, म्हणाला, "मला आता कशाला लागणार?" त्याच्या बायकोने आमच्या घरी येऊन वहिनीला विचारलं की हे एकाचं दुसऱ्याला लागतं का, लेकीला वेगळं झोपवू का. वहिनी तिला समजावत होती. मी आतल्या खोलीतच बसून राहिलो.

दुसरा बेडका साफ आला ना? मग सोडा त्याला. तुमचं यंत्र हिरवं म्हणतंय तर हिरवंच आहे. तो बरा आहे, मी लिहून देतो.

छोट्या


ता. ९ ऑक्टोबर

छोट्या,

मी तुझं ऐकलं नाही. तुझं पत्र वाचून चिडलेच होते, फोरमनने डॉक्टर होऊ नये असं उत्तर लिहून ठेवलं होतं. ते फाडलं.

मंगळवारी शिट्टीची दुसरी तपासणी झाली. डॉक्टरांनी ठरवलं होतं की या वेळी रिकाम्या हाताने परतायचं नाही. सात ठिकाणचे तुकडे काढले. सातव्याला रक्त सुटलं. आधी थोडं, मग पडदाच लाल झाला, हिरवं काय आणि तपकिरी काय, काही दिसेना. त्याला कुशीवर वळवून आम्ही चौघांनी धरून ठेवलं. रक्त थांबायला चाळीस मिनिटं लागली. तो जिवंत आहे. वॉर्डात आहे, नाकाला ऑक्सिजन आहे, बोलायला त्याला बंदी आहे. बायको बाहेरच्या बाकावर बसलीय. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "सापडलं का?"

सातही तुकडे साफ आहेत.

आता डॉक्टर म्हणतात, फुप्फुसाच्या खोल भागात असेल, छाती उघडून बघावं लागेल. पुढच्या आठवड्यात सर्जनशी बोलणार आहेत. तू म्हणाला होतास तो बरा आहे. कशावरून म्हणाला होतास?

ताई


ता. १३ ऑक्टोबर

ताई,

त्याची छाती उघडू देऊ नका. ही चिठ्ठी हातात पडल्याबरोबर डॉक्टरांना जाऊन सांग. ती डबी त्याची नव्हती, माझी होती.

त्या दिवशी सकाळी तेरा डब्या माझ्या टेबलावर होत्या. चिठ्ठ्या मीच चिकटवत होतो, दार बंद होतं. जानेवारीपासून माझ्या रुमालावर रक्त येतंय. रोज नाही. वहिनीला माहीत नाही, रुमाल मी कामावरच धुतो. माझी डबी हातात घेतली आणि मला तुझा चेहरा दिसला. मग शिट्टीची उचलली. सिगारेट न ओढणारा, त्याची साफच येणार, म्हणून त्याची निवडली. तिच्यावर माझं नाव लावलं आणि माझ्या डबीवर त्याचं. वाटलं, तू निर्धास्त होशील आणि माझं काय ते कोणाला न कळता मला कळेल. वाईट आलं तर म्हणेन, डब्यांची अदलाबदल झाली, आणि येईन. देवाशपथ, असंच ठरवलं होतं.

मग तुझं पत्र आलं. त्यात तू बाथरूममध्ये रडल्याचं लिहिलं होतंस. ते मी केबिनमध्ये उभ्याउभ्याच वाचलं, खाली शिट्टीबद्दल वाचलं, आणि खुर्चीत बसलो तो दुपारच्या भोंग्यापर्यंत उठलोच नाही. रोज सकाळी वाटायचं, आज लिहू. तीन आठवडे गेले. मग त्याला समोर बसवून मी माझ्या तोंडाने सांगितलं की तुला आजार आहे. "तुम्ही म्हणता तर जातो," असं तो म्हणाला, तेव्हासुद्धा मी गप्प बसलो.

तू विचारशील का. आप्पांचे शेवटचे चार महिने तू शिकायला बाहेर होतीस. मी भिंतीपलीकडे झोपायचो. त्या आजाराचं नाव तुला माहीत आहे, ताई, आवाज मला माहीत आहे. तो मला स्वतःच्या नावावर नको होता. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

त्याला वाचव. मग मला काय म्हणायचं ते म्हण.

छोट्या


ता. १६ ऑक्टोबर

डॉक्टरांना सांगितलं. ऑपरेशन रद्द झालं. शिट्टीला अजून कोणी काही सांगितलेलं नाही, फक्त तो बरा आहे एवढंच. बाकीचं तू सांगायचंस.

तुला काय म्हणायचं ते नंतर, आत्ता वेळ नाही. पत्र मिळेल त्या दिवशी निघ. वहिनीला घेऊन ये. रात्रीपासून काही खाऊ नकोस.

ताई


ता. ११ डिसेंबर

प्रिय छोट्या,

किरणांचा शेक संपवून तुम्ही दोघं घरी पोचलात, वहिनीचा फोन आला. तुझ्या समोर मला बोलता आलं नाही ते लिहिते.

तुझ्या तपासणीला मी खोलीत नसावं असं डॉक्टर म्हणत होते. मी ऐकलं नाही. खांदा मीच धरला होता, तुला पट्टीमुळे दिसलं नाही. निळा उजेड लावायची गरजच पडली नाही. उजवीकडच्या वरच्या फांदीचं तोंड साध्या उजेडातही सुजलेलं, खडबडीत दिसत होतं. तरी डॉक्टरांनी निळा लावला. अर्धी नळी तपकिरी होती. बाकी सगळं हिरवं. मी त्या हिरव्याकडेच बघत राहिले.

मी डॉक्टरांना विचारलं, जूनमध्ये हे किती असेल? ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित तेव्हाच खाली उतरलेलं असेल, कदाचित नसेल. आता गळ्याच्या गाठींपर्यंत गेलंय, म्हणून ऑपरेशन नाही. तू मला सोपं करून सांगू नकोस म्हणाला होतास.

एक माझंही आहे. डब्या गोळा करायला आमचा माणूस पाठवायचा नियम मी मोडला, भाऊ आहे म्हणून. रिपोर्ट तुला कळवायचे नसतात, ते मी कळवले, भाऊ आहे म्हणून. डॉक्टरांना मी हे सगळं लिहून दिलंय. मला दुर्बिणीच्या खोलीतून काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही, पण डॉक्टर आता माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

रागावलेली आहे. राग जात नाही. आणि रोज दुपारी फोनकडे बघत बसते, वहिनीचा येईल म्हणून. दोन्ही एकदम होतं.

शिट्टीला सांगितलंस का?

ताई


ता. २० डिसेंबर

ताई,

सांगितलं. तो पुन्हा छतावर जायला लागलाय. मला जिना चढवत नाही, म्हणून सुटीच्या दिवशी त्याच्या घरी गेलो. वहिनीने हात धरून नेलं. त्याची बायको म्हणाली, "साहेब, तुमचे फार उपकार झाले, तुम्हीच तिकडे कळवलंत ना की हे बरे आहेत?" तिच्यासमोरच सांगितलं. सगळं, चिठ्ठ्यांपासून.

तो ऐकत होता. मधे एकदाच म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं." मी हो म्हटलं. त्याने उठून माझ्या थोबाडीत मारली. जोरात नाही. मला बरं वाटावं म्हणून जोरात मारेल अशी माझी आशा होती, पण त्याने हात आवरला, कारण मी आजारी आहे. मग दार उघडून धरलं.

 घरी आल्यावर वहिनीने कपाटातले माझे सगळे रुमाल बाहेर काढले आणि एकेक उजेडात धरून बघत बसली.

दोन ओळींत दम लागतो. पुढचं पत्र वहिनी लिहील.

छोट्या


ता. २ एप्रिल

ताईंना नमस्कार,

मी शिट्टी. मला लिहायची सवय नाही. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही विचारलंत की साहेब शेवटी कसे होते, कारण तुम्ही पोचायच्या आधी ते गेले आणि वहिनी अजून बोलत नाहीत.

मी डिसेंबरनंतर त्यांच्याकडे गेलो नव्हतो. जायचं नाही असंच ठरवलं होतं. मार्चच्या सुरुवातीला वहिनी भट्टीच्या गेटवर आल्या. म्हणाल्या, मला चार दिवस झोप नाही, दुपारी कोणी बसेल का. बाकी कोणी पुढे झालं नाही. माझी त्या आठवड्यात सकाळची पाळी होती. दोन वाजता सुटलो की मी जायचो, वहिनी आत जाऊन झोपायच्या, त्या उठल्या की मी निघायचो. असे सोळा दिवस. पाळी बदलली तेव्हा मी दुसऱ्याशी अदलाबदल करून घेतली.

त्यांना आडवं झोपता येत नव्हतं. पाठीमागे उशा लावून बसवायचं, तोंड पुसायचं. आवाज व्हायचा तो मी तुम्हाला सांगत नाही. ते फार बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, "तुझी लेक कशी आहे?" एकदा म्हणाले, "मला माफ कर." मी उशी सरळ केली आणि पाणी पाजलं.

इथे लोक म्हणतात, शिट्टीने साहेबांना माफ केलं. तुमच्याही कानावर येईल. तसं झालेलं नाही. ते वॉर्डातले अकरा दिवस, माझ्या बायकोने लेकीची गादी वेगळी घातली ते, मला विसरता येत नाही. विसरलो म्हटलं असतं तर त्यांच्या डोळ्यांकडे बघून खोटं बोललो असतो, एवढं खोटं आधीच झालं होतं. पण ते गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता, हेही खरं आहे. वहिनी झोपल्या होत्या. मी त्यांना लगेच उठवलं नाही, थोडं झोपू दिलं.

आता कामाचं. तुम्ही लिहिलंत की त्या अकरा जणांच्या डब्या पुन्हा घ्यायच्या, कारण आता कुठल्याच चिठ्ठीवर भरवसा नाही. मी सगळ्यांना विचारलं. सात जण सरळ नाही म्हणाले, त्यातल्या एकाने मला शिवी दिली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं काय झालं ते त्यांनी पाहिलंय. चार जण तयार आहेत, मी बरोबर असलो तर. त्यातला एक खोकतो. गेले दोन महिने खोकतोय आणि मी कोणाला सांगू नये म्हणून माझ्यामागे लागलाय.

मंगळवारी सकाळी आम्ही पाच जण येतो. दुर्बीण लागलीच तर म्हणून उपाशीपोटी यायचं, हे मी त्यांना सांगून ठेवलंय. घसा दोन दिवस दुखतो, हेही सांगितलंय.